न बोलता राबणारे गुर्दे

बकरी ईदच्या दिवशी आपल्या घरांत कलेजीबरोबर गुर्देही शिजतात. राजम्याच्या दाण्यासारखा आकार, तांबूस-तपकिरी रंग, वर गुळगुळीत पातळ आवरण आणि एका बाजूला खाच. घरातली लहान मुलेसुद्धा तो ओळखतात. हाच अवयव, आकाराने थोडा मोठा, आपल्या पाठीतही आहे. उर्दू शाळेत त्याला गुर्दा म्हणतात, मराठी पुस्तकात वृक्क किंवा मूत्रपिंड आणि दवाखान्यात किडनी.

विज्ञानाच्या तासाला उत्सर्जन संस्था शिकवताना आम्ही शिक्षक फळ्यावर आकृती काढतो, मुले नावे पाठ करतात, परीक्षेत चार गुण मिळतात आणि धडा संपतो. घरी मात्र दादाजींना मधुमेह असतो, अम्मीचे बीपी वाढलेले असते आणि अब्बा कंबर दुखते म्हणून रोज एक गोळी घेत असतात. या तिन्ही गोष्टींचा वहीतल्या त्या आकृतीशी थेट संबंध आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून तोच धडा थोडा पुढे नेऊन घरातल्या मोठ्यांपर्यंत पोहोचवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

दिवसाला १८० लीटरची गाळणी

आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ती असतात. उजव्या बाजूला वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन साधारण १२० ते १५० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून पाव-तीनशे ग्रॅमचा ऐवज. पण हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा याच दोघांकडे जातो. दर मिनिटाला सुमारे एक लीटर रक्त त्यांच्यातून फिरते.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो आणि त्याभोवती पेल्यासारखे बोमन संपुट. रक्त दाबाने या गुंत्यातून जाते, तेव्हा पाणी, मीठ, साखर, युरिया असे लहान कण पाझरून संपुटात उतरतात. रक्तपेशी आणि प्रथिने मोठी असल्यामुळे रक्तातच राहतात. या पद्धतीने दिवसभरात सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो.

आता मुले हमखास विचारतात, की मग आपण दिवसाला १८० लीटर लघवी का करत नाही? कारण गाळून झाल्यावर खरे काम सुरू होते. नेफ्रॉनच्या लांब, वळणावळणाच्या नळीतून तो द्रव पुढे सरकतो, तेव्हा शरीराला हवे असलेले पाणी, साखर आणि क्षार पुन्हा रक्तात ओढून घेतले जातात. जवळजवळ ९९ टक्के पाणी परत जाते आणि उरलेली दीड-दोन लीटर लघवी होते. घर आवरताना सगळे सामान अंगणात काढावे, कामाचे पुन्हा आत न्यावे आणि केर तेवढा बाहेर टाकावा, तसाच हा प्रकार आहे. फक्त इथे घर रोज कित्येक वेळा आवरले जाते.

तयार झालेली लघवी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची लवचीक पिशवी आहे. तिच्यात चारशे ते पाचशे मिलिलीटर लघवी मावते, पण निम्मी भरली की जाण्याची भावना होऊ लागते.

कचरा काढण्यापलीकडेही मूत्रपिंडांची कामे आहेत. ती रक्तदाब सांभाळतात. हाडांच्या मगजाला लाल पेशी बनवण्याचा संदेश देणारे संप्रेरक तयार करतात. ड जीवनसत्त्वाला कामी येईल अशा रूपात आणतात. म्हणून मूत्रपिंड बिघडले, की रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तदाब चढतो. ॲनिमिया म्हणून टॉनिक घेत राहावे आणि मूळ बिघाड किडनीत निघावा, असेही घडते.

दुखत नाही, हीच अडचण

दात किडला तर ठणकतो, पोट बिघडले तर कळ येते. मूत्रपिंड हळूहळू झिजत असताना बहुधा काहीच दुखत नाही. लाखो नेफ्रॉन बंद पडले तरी उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात. निम्मी ताकद गेली तरी माणूस नोकरीवर जातो, लग्नाला जातो, व्यवस्थित जेवतो. पायांवर सूज, डोळ्यांखाली फुगवटा, फेसाळ लघवी, रात्री वारंवार उठावे लागणे, अंगाला खाज, मळमळ, सततचा थकवा ही लक्षणे अनेकदा बरेच नुकसान झाल्यावर दिसू लागतात. एकदा मेलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही.

मूत्रपिंड स्वतःहून सांगत नसेल, तर आपणच त्याला विचारले पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत, साध्या तपासण्या पुरतात.

पहिली लघवीची. लघवीत प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, जाते का हे ती दाखवते. चाळणीची भोके मोठी झाली, की प्रथिन गळू लागते. मधुमेहात ही सर्वांत आधी मिळणारी सूचना असते. दुसरी रक्तातील क्रिएटिनिनची. स्नायूंच्या कामातून तयार होणारा हा कचरा मूत्रपिंड बाहेर टाकते, ते थकले की तो रक्तात साचतो. बहुतेक प्रयोगशाळा मोठ्या माणसासाठी साधारण ०.६ ते १.२ हा आकडा ठीक धरतात. पण नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये, कारण बरीच ताकद गेल्यावरच ते वाढलेले दिसते. म्हणून त्यावरून वय आणि स्त्री-पुरुष हे लक्षात घेऊन काढलेला ईजीएफआर हा आकडा रिपोर्टमध्ये पाहावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार समजतात, १५ च्या खाली गेला तर मूत्रपिंड जवळजवळ निकामी झाले असे धरतात. याच्या जोडीला रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजली, की चित्र बरेचसे स्पष्ट होते.

साखर आणि दाब

मूत्रपिंड निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. वर सांगितलेला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता फार नाजूक असतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की त्याच्या भिंती जाड होतात आणि गळू लागतात. रक्तदाब जास्त राहिला की सततच्या धक्क्याने त्या कडक होतात. त्यातही एक दुष्टचक्र आहे. दाबामुळे मूत्रपिंड बिघडते आणि बिघडलेले मूत्रपिंड दाब आणखी वाढवते.

आपल्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते, "आता बरं वाटतंय, गोळी बंद केली." बीपीची गोळी डोकेदुखीसाठी नसते. बरे वाटत असताना ती हृदयाचे, मेंदूचे आणि मूत्रपिंडाचे रक्षण करत असते. ती बंद करायची की कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मिठाचे प्रमाणही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून जेमतेम एक लहान चमचा मीठ सुचवले आहे. लोणचे, पापड, खारी, फरसाण, कोकणातल्या घरांतली सुकट आणि सुका बांगडा यांतूनच हे माप ओलांडले जाते. दस्तरखानावरची मिठाची वाटी उचलून ठेवली, तरी चांगली सुरुवात होते. सैंधव मीठ हेही मीठच आहे. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, ते किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

गिधाडांनी शिकवलेला धडा

एके काळी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरायचे. १९९० नंतर ती झपाट्याने दिसेनाशी झाली. भारतीय उपखंडातल्या काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. २००४ साली कारण सापडले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. पण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या आपल्याही मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. दोन-चार दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्या तर निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. धोका आहे तो महिनोन्महिने घेण्यात, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेले असताना घेण्यात, उतारवयात आणि बीपीच्या औषधांसोबत मनाने घेण्यात. दिवसभर उभे राहून यंत्रमाग चालवणारे, ओझी उचलणारे, गुडघे धरून घरकाम करणाऱ्या अम्मी, हे सारे मेडिकलमधून "ती लाल गोळी द्या" म्हणून घेऊन येतात. दुखणे रोजचेच असेल तर रोजची गोळी हा त्यावरचा उपाय नाही. दुखण्याचे कारण शोधावे लागेल. अंगदुखी-तापासाठी पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने त्या मानाने सुरक्षित आहे, पण तीही मापातच घ्यावी.

तीच गोष्ट नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांची. ताकदीसाठी, सांधेदुखीसाठी किंवा साखर 'मुळापासून' घालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कुश्त्यांत आणि भस्मांत पारा, शिसे, आर्सेनिक असू शकते. नोंदणीकृत हकीम किंवा वैद्य लिहून देतील ते औषध वेगळे आणि बाजारात चटईवर मांडलेले वेगळे. आमच्या भगिनींनी गोरेपणाच्या क्रीमबाबतही सावध राहावे. निर्मात्याचे नाव आणि घटक छापलेले नसलेल्या अशा काही क्रीममध्ये पारा आढळला आहे आणि ती वापरणाऱ्यांमध्ये लघवीतून प्रथिन जाण्याचा आजार झाल्याचे केरळमधील डॉक्टरांनी नोंदवले आहे. चेहऱ्याला लावलेला पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो.

पाणी, शाळा आणि मुतखडा

किती पाणी प्यावे, याचे एकच माप सर्वांना लागू होत नाही. हवा, काम आणि घाम यांवर ते ठरते. सोपी खूण लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद पिवळा असेल तर कमी पडते आहे. भट्टीजवळ, उन्हात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट पाहू नये.

आम्हाला शाळेत एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. मुली सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी नेतात. कारण स्वच्छतागृह घाण असते, कडी नसते किंवा पाणी नसते. पाणीच प्यायले नाही तर जावे लागणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो. मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्यामुळे जंतू सहज वर चढतात. त्यात लघवी तासन्‌तास रोखून धरली, की संसर्गाला वाव मिळतो. जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ताप, थंडी वाजणे असे काही असेल तर मुलीने लाजेखातर लपवू नये आणि अम्मीने "पाणी पी, बरं वाटेल" एवढ्यावर थांबू नये. पालकसभेत निकालाबरोबर स्वच्छतागृहाचीही चौकशी करावी. पालकांनी विचारले की शाळेत हालचाल होते, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवावे. घसा दुखून किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसला आणि लघवी चहासारखी लालसर-तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ही मूत्रपिंडाची सूज असू शकते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. पाणी कमी पडले की क्षार दाट होऊन त्यांचे खडे बनतात. ज्यांना एकदा खडा झाला, त्यांनी दिवसाला दोन ते अडीच लीटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद करणे चूक आहे. आहारातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. ज्यांचे युरिक ॲसिड वाढलेले असते किंवा ज्यांना त्याचे खडे होतात, त्यांनी मात्र कलेजी, गुर्दे आणि रोजचे मटण आवरते घ्यावे.

रमजानमध्ये

निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांना रोज्याची अडचण होत नाही. पाणी कमी मिळाले की ती पाणी राखून ठेवतात आणि लघवी अधिक दाट करतात. आपले काम एवढेच, की इफ्तार ते सहरी या वेळात पाणी थोडे थोडे करून पुरेसे प्यावे. सहरीला घाईने दोन तांबे रिचवून ते साठत नाही, तासाभरात निघून जाते.

ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांचे प्रत्यारोपण झाले आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, नंतर पूर्ण करण्याची आणि तेही शक्य नसेल तर फिदया देण्याची तरतूद आहे. शरीराचे डॉक्टरांना विचारावे, मसला आलिमांना विचारावा, आणि घरच्यांनी "सगळे ठेवतात, तुम्हीच का नाही" असे म्हणून वडीलधाऱ्यांना कोड्यात टाकू नये. अशा रुग्णाच्या इफ्तारीकडेही लक्ष हवे. खजूर, केळी, नारळपाणी, फळांचा रस यांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते रक्तात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाणीही अशा रुग्णाला मोजून प्यावे लागते. "जास्त पाणी प्या" हा सल्ला त्याच्यासाठी घातक ठरू शकतो.

वेळ गेली तर

१९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी लाकडी ढोलाला सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त शुद्ध करणारे यंत्र बनवले. सुरुवातीचे रुग्ण दगावत गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली आणि डायलिसिसचा रस्ता खुला झाला. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले. त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ मध्ये नातेवाइकाच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले.

म्हणजे आज मूत्रपिंड गेले म्हणून सारे संपत नाही. पण डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. पोटावर काम करणाऱ्या माणसाची निम्मी मजुरी तिथेच जाते, सोबत येणाऱ्याचीही जाते. २०१६ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिसची सोय आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. दागिने मोडण्याआधी रेशनकार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

प्रत्यारोपणासाठी १९९४ चा कायदा आहे. आई-वडील, मुले, भाऊ-बहीण, पती-पत्नी असे जवळचे नातलग मूत्रपिंड देऊ शकतात, खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर व्यवस्थित जगू शकतो. मात्र आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. घरातल्या कर्त्या माणसाने दहा वर्षे बीपीची गोळी टाळली, तर त्याची किंमत पुष्कळदा त्याच्या अम्मीला, बीवीला किंवा बहिणीला आपल्या शरीरातून मोजावी लागते.

शाबानच्या यादीत एक ओळ

ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना किडनीचा आजार होता, ज्यांनी दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घेतल्या, ज्यांना वारंवार मुतखडा होतो आणि ज्यांची साठी उलटली, अशा प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, साखर आणि रक्तदाब तपासावा. खर्च बहुधा काहीशे रुपयांचा, सरकारी रुग्णालयात त्याहून कमी. रिपोर्ट फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावे, म्हणजे आकडा कुठून कुठे चालला आहे हे डॉक्टरांना एका नजरेत कळते.

वर्षातून एकदा म्हटले, की नेमके कधी हे विसरायला होते. म्हणून एक सुचवतो. शाबानमध्ये रमजानची तयारी सुरू होते आणि वाणसामानाची यादी निघते. त्याच यादीत वरची ओळ दादाजींच्या, अब्बांच्या आणि अम्मीच्या तपासणीची लिहावी. रिपोर्ट हातात आला, की रोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारायलाही महिनाभर मिळतो. आणि ही ओळ लिहिण्याचे काम उत्सर्जन संस्थेची आकृती काढणाऱ्या घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडेच द्यावे. धडा त्यांना येतोच, आता तो घरात उपयोगी पडू द्या.